अभयारण्यातल्या पायवाटांसाठी

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर



हे पत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या पायवाटांविषयी आहे. या डोंगरांत मी अनेक वर्षं चालत आलो आहे. अलीकडे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पायाखालच्या वाटेची. अभयारण्याचा विचार करताना बिबट्या, शेकरू, वणवा, चराई, अतिक्रमण हे विषय आपल्यासमोर आपसूक येतात. त्यांच्या जोडीला पायवाट हाही स्वतंत्र विषय व्हावा, तिच्यासाठी दर वर्षी पैसा आणि माणसं ठेवली जावीत आणि ते काम डोंगरातल्या गावांच्या हाती असावं, ही माझी मागणी आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला हा मुलूख १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच्या एका टोकाला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचा माथा. दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगड. मधल्या पट्ट्यात भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, घाटघर, साम्रदची सांदण दरी, आणि उभ्या कातळांचं अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूट. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते. संगमनेर-राहात्याचा ऊस आणि अहिल्यानगर शहराचं पिण्याचं पाणी याच डोंगरांच्या जिवावर आहे. म्हणून इथली माती जागेवर राहणं हा फक्त ट्रेकर मंडळींच्या हौसेचा प्रश्न उरत नाही.

पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट उदाहरणादाखल घेऊ, कारण ती सगळ्यात सोपी आणि म्हणून सगळ्यात जास्त तुडवली गेलेली. गावातून चढ चढून वर आलं की उजव्या-डाव्या झाडीतून आपण कातळाच्या एका लांबच लांब छपराखाली येतो. डोक्यावर पुढे झुकलेला दगड, बाजूला दरी, आणि पावसाळ्यात छपराच्या काठावरून गळणाऱ्या धारा. या जागेला काहीही होत नाही, कारण तिथे पायाखाली बेसॉल्ट आहे. दुखणं त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे, जिथे वाट मातीतून जाते. तिथे वाटेची जमीन दोन्ही बाजूंच्या जंगलापेक्षा खाली गेली आहे. झाडांची मुळं उघडी पडून वाटेवर आडवी आली आहेत. हजारो पावलांनी घासून त्यांची साल निघून गेली आहे आणि ती आतून पिवळसर, गुळगुळीत दिसतात. पावसात त्यांच्यावर पाय घसरतो, म्हणून माणूस मुळांना वळसा घालून जातो. त्या वळशाची वाट होते, तीही खचते, मग तिच्या शेजारून तिसरी. चारचौघांना ओळीने जाता येईल एवढ्या वाटेचा बघता बघता पाच-सहा पदरी रस्ता होतो आणि मधे उरलेल्या मातीच्या बेटांवर एखादं रोप तग धरून असतं, तेही पुढच्या पावसापर्यंत.

हे कसं होतं ते आपल्या वनरक्षकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पावलांनी गवत जातं, माती दाबली जाते, दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. मग उताराचं पाणी ओढ्याकडे न जाता वाटेनंच धावत सुटतं, कारण त्याला तीच सरळ आणि मोकळी मिळते. बारीक माती आधी जाते, मग मुरूम, शेवटी दगड सुटे होतात. एकदा वाटेचा ओहोळ झाला की ती तोडायला माणसांची गरजच राहत नाही. एक श्रावण पुरेसा होतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाणी वाटेवर चढण्याआधी दर पंधरा-वीस पावलांवर तिरपा दगडी अडसर घालून त्याला बाजूच्या झाडीत उतरवलं, तर तीच वाट शेकडो माणसांना पेलते. हे काम अवघड नाही, महागही नाही. फक्त ते दर वर्षी करावं लागतं, आणि जे दर वर्षी करावं लागतं त्याचं उद्घाटन होत नाही.

वाट मोडल्याची तक्रार झाली की आपल्याकडे सहसा सिमेंट येतं. निविदा निघते, खडी-वाळू वर चढवली जाते, पायऱ्या बांधल्या जातात. पहिल्या वर्षी त्या छान दिसतात. पुढे पाणी पायऱ्यांच्या खालून माती काढून नेतं, कडा अधांतरी होतात, तुकडे पडतात. शिवाय कंत्राटदाराच्या मापाची पायरी डोंगर उतरणाऱ्या गुडघ्याच्या मापाची नसते, म्हणून माणसं पायऱ्या सोडून कडेच्या मातीतून चालतात आणि पुन्हा तेच चक्र सुरू. सगळ्या बांधकामाला माझा विरोध आहे असं समजू नये. कळसूबाईच्या कातळटप्प्यांवरच्या लोखंडी शिड्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्या भाविकांना नवरात्रात देवीपर्यंत पोचवलं आहे. त्या हव्यातच, आणि त्यांचे बोल्ट दर पावसाळ्यानंतर तपासले जायला हवेत. रतनगडच्या शिड्यांचंही तसंच. जिथे जिवाचा धोका आहे तिथे लोखंड लावावं. पण मातीच्या चढावर सिमेंट ओतणं म्हणजे वाट दुरुस्त करणं नव्हे.

मग कोणी करायचं? उत्तर अभयारण्याच्या पोटातच आहे. पाचनई, आंबित, रतनवाडी, साम्रद, बारी, या गावांची भातखाचरं कधी थांबून पाहावीत. एवढ्या उतारावर, एवढ्या पावसात, ती माती धरून आहेत ती दगडी तालींमुळे. ताल रचणारा माणूस तळाला मोठे दगड बसवतो, त्यांचा कल डोंगराच्या आत ठेवतो, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाही, आणि फटींमध्ये चिपा ठोकून प्रत्येक दगड हलायचा थांबेपर्यंत पुढचा घेत नाही. चुना नाही, सिमेंट नाही. पाणी तालीतून पाझरून जातं आणि माती मागे राहते. एखाद्या पावसात चार दगड निसटले तर शेतकरी तेवढेच चार दगड परत बसवतो. पायवाटेला नेमकं हेच हवं आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या ज्या हातांना हे येतं, ते हात भातकापणी झाली की काम शोधत नारायणगाव-ओतूरच्या बाजूला दुसऱ्यांच्या शेतांवर राबायला जातात. अभयारण्याच्या वाटा ढासळत असताना वाटा बांधू शकणारी माणसं मजुरीसाठी घाट उतरतात, हे मला फार लागतं. रोजगार हमी हा तर महाराष्ट्रानेच देशाला दिलेला विचार, त्याचा कायदा इथे १९७७ सालचा. त्यातून असो वा प्रवेश शुल्कातून, दिवाळी ते होळी या काळात प्रत्येक गावातल्या काही जणांना वाटेचं काम मिळालं, तर दोन्ही प्रश्नांना एकदम हात लागेल.

माझ्या मनात याचं चित्र साधं आहे. प्रत्येक वाटेचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा एका गावातल्या एका गटाकडे द्यावा, वर्षानुवर्षं तोच. ऑक्टोबरात वनरक्षक आणि गट मिळून वाट चालतील आणि काय काय मोडलं ते लिहून घेतील. हिवाळ्यात दुरुस्ती, मे अखेर चर आणि अडसर साफ. जुने वळसे काट्यांनी बुजवून तिथे गवत येऊ द्यायचं. ज्याने दगड बसवला त्यालाच पुढच्या वर्षी तो निसटलेला दिसला, की काम आपोआप नीट होत जातं.

आता गर्दीविषयी. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई-ठाण्याहून भंडारदऱ्याकडे येणं आणखी सोपं झालं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांखाली लागणारी रांग आत्ताच धडकी भरवणारी आहे. धुकं, ओला कातळ, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर. वर्षभर रोज मर्यादा घालावी असं माझं म्हणणं नाही. मंगळवारी हरिश्चंद्रगडावर गेलात तर देवळाच्या आवारात तुमच्याशिवाय कोणी नसतं. प्रश्न मोजक्या वाटांचा आणि मोजक्या आठवड्यांचा आहे: कळसूबाई, पाचनई, रतनगड, जुलै ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टसारख्या जोडून आलेल्या सुट्ट्या. तेवढ्याच दिवसांसाठी, तेवढ्याच वाटांवर, आधी नोंदणी आणि ठरलेली संख्या असावी. ती संख्या किती, हे नागपुरात किंवा मुंबईत बसून ठरू नये. शिडीवरून तासाला किती माणसं सुखरूप उतरतात, पाचनईच्या वाटेला किती पावलं सोसतात, हे मोजून ठरवावं आणि ग्रामसभेत मांडावं.

काजव्यांच्या बाबतीत आपल्या विभागाने हे धाडस केलं आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार मानायला हवेत. मे अखेरीस हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर लाखो काजवे लयीत उजळू लागतात, त्या दिवसांत वाहनांवर आणि रात्रीच्या वेळेवर बंधनं आली. गाडीच्या दिव्यांत नराची खूण मादीला दिसत नाही आणि झाडाखालच्या दमट मातीत वाढणाऱ्या अळ्या बुटाखाली चिरडतात, हे कारण लोकांना समजावून सांगितलं तेव्हा बहुतेकांनी ते ऐकलंही. नियमामागचं कारण सांगितलं तर माणसं ऐकतात, एवढं मला यातून दिसतं.

तसंच कारण सांगायला हवं ते हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या सड्याबद्दल, म्हणजे तिथल्या उघड्या कातळपठाराबद्दल. कोकणकड्यावर मी बोलू लागलो की पत्र लांबेल, तरी थोडं बोलू द्यावं. काठावर पालथं झोपून खाली पाहिलं की कडा आपल्या पोटाखालून आत गेलेला कळतो. खाली बेलपाड्याची शेतं, पलीकडे माळशेजच्या रांगा. खालून येणारा वारा असा असतो की पाण्याचे थेंब टाकावेत तर ते वर उडून तोंडावर येतात. पाऊस ओसरताना सकाळी कधी दरी ढगांनी भरलेली असते आणि ऊन पाठीमागून येतं. तेव्हा समोरच्या ढगावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात इथे ते पाहिल्याची नोंद ट्रेकर मंडळी आजही एकमेकांना सांगतात. हे पाहायला लोक येणारच आणि यायलाच हवेत.

पण कड्याकडे पाहताना आपण उभे कशावर असतो? कातळावर बोटभर माती, तीही वर्षातले तीन-चार महिनेच ओली. त्या बोटभर मातीत ऑगस्टपासून जे उगवतं ते वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. सीतेच्या आसवांची जांभळी फुलं नखाएवढी. मातीत नत्र इतकं कमी की हे रोप मुळाशी बारीक पिशव्या ठेवून त्यांत सूक्ष्म जीव पकडतं आणि पोट भरतं. गेंदाच्या पांढऱ्या टिकल्या, कवल्याची पिवळी फुलं, कडेला सोनकी आणि तेरडा. यांतली बरीचशी वर्षायू आहेत: यंदा फुललं, बी पडलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा. बी पडण्याआधी त्यांच्यावर तंबू पडला तर त्या जागेचं पुढचं वर्षही गेलं. कड्याच्या काठाला लागून तंबूंच्या ओळी उभ्या राहतात, भोवती पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर खणले जातात, सकाळी तंबू उचलले की आयताकृती उघडा कातळ उरतो. ती माती परत साचायला किती काळ लागेल याचा हिशोब माझ्याकडे नाही, आपल्या आयुष्यात ती साचणार नाही एवढं खरं.

इथे कासचा अनुभव हाताशी आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास आलं, गर्दी उसळली, भोवतालच्या गावांच्या समितीमार्फत शुल्क आणि दैनंदिन मर्यादा आली. पठाराला कुंपणही घातलं गेलं आणि पुढे ते काढण्यात आलं, कारण गुरांची चराई थांबल्याने गवत माजून फुलांवर परिणाम होतो असं पुढे आलं. यातलं संख्येचं नियमन घ्यावं, कुंपण घेऊ नये. हरिश्चंद्रगडाच्या सड्यावर पाचनईची गुरं पिढ्यानपिढ्या चरत आली आहेत. तिथे तारांची गरज नाही. दगडांची एक ओळ मांडून चालण्याची पट्टी दाखवावी, तंबूंची जागा सड्यापासून आत मुरमाड जमिनीवर ठरवून द्यावी आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर सड्यावर तंबू पूर्ण बंद ठेवावेत. गावातल्या एका मुलाने तिथे उभं राहून येणाऱ्याला सीतेची आसवं दाखवली, तर फलकाची गरजही पडणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सोडून चालणार नाही. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा या गावांनी पुष्कळ गमावलं. कारवीच्या काठ्यांनी घराचे कुड विणणारी, हिरडा वेचून वर्षाचा खर्च काढणारी ही माणसं अचानक स्वतःच्या जंगलात परवानगी मागणारी झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काचं दार उघडलं, पण त्या दारातून आत जायला अजून पुष्कळ कागद लागतात. आज शनिवारी रात्री पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढून, तंबू भाड्याने देऊन पाचनईच्या तरुणाला चार पैसे मिळतात. मर्यादा आणताना त्याचा शनिवार बुडाला तर तो मर्यादेच्या विरोधात जाईल आणि त्याचं चुकणार नाही. म्हणून नोंदणी गावाच्या समितीकडे असावी, आधी उतरण्याची जागा गावातली घरं असावीत, सड्यावरचे तंबू नव्हेत. नाक्यावर फाडल्या जाणाऱ्या पावत्यांचा हिशोब दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवला जावा: एवढे आले, एवढे वाटेवर खर्च झाले, एवढे शौचालयांवर. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी आणि देवळामागून निघणारी मंगळगंगा ज्या गडावर आहेत, तिथे शौचालयांचा प्रश्न आता पुढे ढकलता येणारा नाही, एवढंच त्याबद्दल म्हणतो.

आवाजाबद्दलही थोडं सांगतो. पावसाळा हा डोंगरातला विणीचा काळ आहे. पर्वत कस्तुर ओढ्याकाठच्या कपारीत घरटं करतो आणि धबधब्याच्या आवाजावरून आपली शीळ पोचवतो. बेडकांचे नर रात्रभर ओरडून माद्या शोधतात. गळ्यात स्पीकर लटकवून चढणाऱ्या टोळक्यामुळे तेवढ्या पट्ट्यात हे सगळं गप्प होतं. नाक्यावर बॅग तपासून प्लास्टिक मोजता येतं, तसाच स्पीकरही ठेवून घेता येईल.

आम्ही चालणारेही यात हात द्यायला तयार आहोत. गिर्यारोहण संस्था वर्षानुवर्षं गडांवरचा कचरा पोत्यांनी खाली आणतात, हरवलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री धावतात. वाटेच्या कामाला सुट्टीच्या दिवशी दगड वाहायला माणसं नक्की मिळतील. पण त्या हौशी श्रमांवर विसंबून गावकऱ्यांची मजुरी वाचवली जाऊ नये, ही विनंती. आम्ही दगड वाहू. तो कुठे आणि कसा बसवायचा हे त्यांनी सांगावं आणि त्याचे त्यांना पैसे मिळावेत.

वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातल्या वाटा, नाके आणि बांधकामं यांचा निर्णय आपल्या हाती दिला आहे. म्हणून हे पत्र आपल्याला. राजूर आणि भंडारदरा या दोन्ही परिक्षेत्रांना या वर्षी प्रत्येकी एक वाट प्रयोगासाठी निवडायला सांगावं, असं मी सुचवतो. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने पाचनई ते देऊळ, भंडारदऱ्याच्या बाजूने रतनवाडी ते रतनगड. पाऊस उघडला की परिक्षेत्र अधिकारी, वनरक्षक, गावातले ताल रचणारे दोन-तीन जण आणि आमच्यापैकी काही जण मिळून त्या चालू. काय मोडलं आहे त्याची नोंद एका दिवसात होईल. मंजुरी डिसेंबरच्या आत मिळाली तर होळीपूर्वी काम उरकतं. त्याच्या पुढे जूनपर्यंत माती इतकी कोरडी होते की बसवलेला दगड धरत नाही, तेव्हा तारखेचा विचार व्हावा. आणि ज्या बैठकीत हे ठरेल ती शक्यतो पाचनईच्या शाळेत किंवा चावडीवर ठेवावी, म्हणजे ज्यांच्या हाती काम जाणार आहे त्यांना राजूरची गाडी पकडण्यासाठी दिवस मोडावा लागणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
सह्याद्रीत चालणारा एक नागरिक